मालूबाय खरोखर हरली

मालूबायने धोंड्याच्या महिन्यात जावयाला जेवायला बोलावलं आणि अनारशाचं ताट पुढे असतानाच त्याच्याशी लढाई पुकारली, ही बातमी गावभर व्हायला ताटं घासून होईपर्यंतसुद्धा थांबावं लागलं नाही. पेणच्या खाडीकडचं गाव ते. तिथे भिंती आहेत, पण कुठलीच पुरेशी जाड नाही. संध्याकाळपर्यंत कुणी म्हणालं, सासूने जावयावर फावडं उगारलं. कुणी म्हणालं, जावयाने सोन्याची अंगठी मागितली. एका बाईने तर स्वतःच्या डोळ्यांनी पोलिसांची गाडी बघितली. ती गाडी खरं तर आइस्क्रीमवाल्याची होती. पण आइस्क्रीमवाल्याची गाडी गोष्टीत घेऊन करायचं काय?

तर जे घडलं ते सांगतो. पण आधी ही मालूबाय कोण, ते कळलं पाहिजे.

साठीला टेकलेली बाई. उंचीने बेताची, आवाजाने नाही. नवरा जनू जन्मभर मिठागरावर राबला आणि संसारात फारसं बोलला नाही. लोक म्हणायचे, दोघांच्या वाट्याचं मालूच बोलते. मालूबाय मात्र पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात आखणीवाली होती. मूर्ती साच्यातून निघते, पाच-सहा हातांतून रंगते, सोवळं चढतं, सोनेरी लागतं. तरी तोवर ती नुसती मातीच. शेवटी आखणीवाला बसतो. भुवई, पापणी, आणि मग बुबुळ. बुबुळ केसभर इकडेतिकडे झालं तर देव भक्ताकडे न बघता बाजूच्या समईकडे बघत बसतो. मालूबायने आखलेला गणपती सरळ तुमच्याकडे बघायचा. काही गिऱ्हाइकांना तर तो नको तितका सरळ वाटायचा. घरात भानगडी असलेल्यांना विशेष.

इतकी वर्षं नजर रंगवल्यावर समोरचा माणूस कुठे बघतोय हे तिला त्याच्या आधी कळायला लागलं. तोंड बोलतं एक आणि डोळे जातात भलतीकडे, हे तिच्याइतकं कुणी पकडलं नसेल. गावातली निदान दोन लग्नं तिने जुळायच्या आधी ओळखली, आणि एक मोडायच्या आधी. म्हणून तिच्यासमोर बसताना पोरी मान खाली घालायच्या आणि बापये चप्पल शोधायचे.

मग कारखान्यात तिचा हात थोडा कापायला लागला. थोडाच. मालकांचा मुलगा नवा, शिकलेला, गोड बोलणारा. त्याने तिला काढलं नाही. शाल दिली, नारळ दिला, दाराशी पंख्याखाली गादीची खुर्ची दिली. मुंबईची गिऱ्हाइकं आली की म्हणायचा, "ह्या आमच्या सर्वांत जुन्या आखणीवाल्या." लोक फोटो काढायचे. मालूबाय फुलून जायची. दिवसाला मोजक्याच मूर्ती तिच्याकडे यायच्या, निवांत करा म्हणून.

एकदा गाडी भरताना ती सहज मागे गेली. आदल्या दिवशी स्वतः आखलेला गणपती गवतात टेकून उभा होता. मालूबायने त्याच्याकडे बघितलं. गणपतीने तिच्याकडे बघितलं नाही. नजर चांगली होती, नेटकी होती, पण तिची नव्हती. तिने दुसरा बघितला, तिसरा बघितला. तिने आखलेले सगळे डोळे ती घरी गेल्यावर पुसले जात होते आणि मागच्या खोलीत दुसरा कुणी नवे काढत होता. आणि सकाळी परत तिला चहा, पंखा आणि "मावशी, तुमच्यासारखा हात नाही."

ती भांडली असती तर गावाला मजा आली असती. पण तिने शाल घडी करून खुर्चीवर ठेवली आणि चालत घरी आली. पूजाने, तिच्या एकुलत्या एक लेकीने, रोह्याहून फोन करून विचारलं तर म्हणाली, "गुडघे दुखतात गो." गुडघे तिचे घोड्यासारखे होते. हात कापतो हे तिला स्वतःला कळत होतं. एखादी पापणी जाड व्हायची हेही कळत होतं. "मालू, आता तुला जमत नाय," असं तोंडावर कुणी म्हटलं असतं तर ती घरी येऊन दोन दिवस रडली असती आणि उठली असती. पण लाड करून फसवलं, ते मात्र तिला पचलं नाही.

आता जावई. धनेश. रोह्याचा पोरगा, धाटावच्या कंपनीत शिफ्टला जाणारा. सरळ, पोटात पाप नाही, आणि एक विचित्र नाद. रविवारी शिफ्ट नसली की साईराज नावाच्या मित्राच्या फोटोफ्रेमच्या दुकानावरच्या माळ्यावर चारपाच जण जमतात आणि अंगठ्याएवढी माणसं टेबलावर मांडून लढाई खेळतात. दोन्ही बाजूंना दहा-दहा माणसं. कुणी किती चालायचं ते टेपने मोजायचं, कुणी कुणाला मारलं ते फाशाने ठरवायचं. सहा डाव झाले की लढाई संपली. धनेशची आई धोंडुबाई या सगळ्याला एकच नाव द्यायची, "बावल्यांचा खेळ." आणि ते म्हणताना देवाकडे बघून सुस्कारा टाकायची.

मालूबाय घरी बसली तेव्हा हाच धनेश पिशवीभर करडी प्लास्टिकची माणसं घेऊन पेणला आला. "आई, यांचे डोळे जमतील का? आमच्यातल्या कुणाला जमत नाहीत. सगळे चकणे होतात."

मालूबायने एक उचलला. ज्वारीच्या दाण्याएवढं तोंड. हात कापायचा, पण मनगट पाटावर टेकलं तर इतक्याशा जागेत कापायला वाव उरत नव्हता. तिने डोळे काढले. मग विचारलं, "हा लढतो कसा?" धनेशने दाखवलं. तिथेच सगळं बिघडलं, किंवा जमलं. तुम्ही कुणाच्या बाजूचे त्यावर आहे.

महिन्याभरात तिने स्वतःची माणसं घडवली. शाडूत कागदाचा लगदा आणि डिंक, आत तार. लोखंडी टोप घातलेले परदेशी शिपाई तिला नको होते. तिच्या फौजेत मिठागरावरची माणसं होती. कुणाच्या खांद्यावर फावडं, कुणाच्या हातात गोफण, काष्टा मारलेल्या बाया. एक वाकड्या नाकाचा गोफणवाला होता, त्याला ती मारुती म्हणायची. लढाईची जागाही तिनेच बनवली. एका बाजूला खाजण, म्हणजे खाऱ्या पाण्याचा चिखल, मधून बांध, आणि बांधाला उघाडी, म्हणजे खाडीचं पाणी अडवायची नि सोडायची ती झडप. सहावा डाव संपताना ज्याचा माणूस उघाडीच्या जास्त जवळ उभा, तो जिंकला. खाऱ्या जमिनीवर जन्म काढलेल्या बाईला उघाडी ज्याच्या ताब्यात त्याचं राज्य, हे कुणी शिकवायला नको होतं.

आणि ती जिंकली. रोह्याला जाऊन जावयाला एकदा हरवलं, दुसऱ्यांदा हरवलं, तिसऱ्यांदा हरवलं. साईराजच्या माळ्यावर फळा होता, त्यावर तिच्या नावापुढे तीन खडूच्या रेघा. कारखान्यातून आल्यापासून वाकलेली मान सरळ झाली. बाजारात कोळणीशीसुद्धा ती आता फौजेच्या सरदारासारखी भाव करायची.

मग अधिक महिना आला. तीन वर्षांनी जावयाचा भाव वधारतो तो महिना. मासळी बंद, पुरण चालू. मालूबायने धोंडे केले, अनारसे केले, पूजाला साडी घेतली, जावयाला निरांजन घेतलं, विहिणीलाही आग्रहाने बोलावलं. जेवणं रंगात आली. धोंडुबाईने तिसरा धोंडा तुपात बुडवला, आणि खुशीत येऊन, अगदी चांगल्या मनाने, बोलली.

"विहीणबाई, नशीबवान हाव तुमी. असा जावय शोधून मिलनार नाय. सासूचं मन राखायला पोरगा मुद्दाम हरतो. मला बोलला ना, जाऊदे आय, म्हातारीला तेवढाच विरंगुला."

पूजाने आईकडे बघितलं. धनेशने अनारशाकडे बघितलं. जनूने भात कालवला.

"मुद्दाम हरतो?" मालूबाय म्हणाली.

"म्हणजे तसं नाय, आई—"

"इकडे बघा. अनारसा काय उत्तर देणार नाय. मुद्दाम हरलात?"

"एखाददा... थोडंसं..."

"कुठल्या एखाददा?"

पूजा मध्ये पडली, "आई, आज कशाला गो? मानाचा दिवस हाय त्याचा."

"मानाचा हाय म्हणूनच. मी मान केला तो समोर केला, ताटात वाढून केला. यांनी माझा मागच्या दाराने केला." मालूबायने हात धुतले, पदर खोचला, कोनाड्यातली माणसांची पेटी काढली. "जावईबापू, गाडी काढा. रोह्याला जायचं."

"आता?"

"पुरण जड झालं असेल तर वाटेत जिरेल."

धोंडुबाई म्हणाली, "अवो, पन धोंड्याच्या महिन्यात सासूने जावयाशी लढायचं? लोकं काय म्हणतील?"

"तुम्ही म्हणालात ना आत्ता. लोकांना काय उरलंय?"

जनू तेवढा मागे राहिला. उरलेल्या धोंड्यांकडे कुणीतरी बघायला हवं होतं.

नागोठणं मागे पडलं. निडीच्या पुढे धोंडुबाई म्हणाली, "उकाडा किती झालाय," आणि कुणीच हो म्हटलं नाही म्हणून खिडकीकडे तोंड करून बसली. मालूबायच्या मांडीवर पेटी होती आणि डोक्यात एकच किडा. तीनातल्या किती खऱ्या? एक? दोन? की सगळ्याच तिच्या तोंडावर मारलेल्या? परत तीच शाल, परत तोच पंखा, फक्त या वेळी घरच्या माणसाने लावलेला. तिला जिंकायचं होतं असं लोक समजतात. खोटं. तिला एवढंच बघायचं होतं की टेबलापलीकडे कुणी तिच्याशी खेळतंय, की तिला खेळवतंय.

माळ्यावर साईराज एकटाच होता. चष्मा कपाळावर, हातात नियमांची वही. नियम हा त्याचा धर्म. "अरे वा! आई! आज कसं काय?"

मालूबाय सरळ फळ्याकडे गेली आणि पदराने आपल्या तिन्ही रेघा पुसून टाकल्या. पांढऱ्या खडूचा पट्टा नव्या इरकली साडीवर उमटला. "मांड," म्हणाली.

साईराजने धनेशकडे बघितलं. धनेशने मान हलवली. मांडलं.

लढाई सुरू झाली. पहिला डाव दोघांनीही माणसं पुढे काढण्यात घालवला. दुसऱ्या डावात मालूबायच्या गोफणवाल्यांनी एक लोखंडी टोपवाला पाडला. तिसऱ्या डावात तिने एक चाल केली, आणि चाल करून हात मागे घेतानाच तिला कळलं की चुकलं. उघाडीवर जोर करायच्या नादात तिने डाव्या अंगाची दोन माणसं मध्ये आणली होती. बांधाचं डावं टोक उघडं पडलं होतं. तिथून कुणीही चढून आला असता.

धनेशची पाळी. मालूबाय फाशाकडे बघत नव्हती, माणसांकडे बघत नव्हती. जावयाच्या डोळ्यांकडे बघत होती. ते डोळे बांधाच्या डाव्या टोकाशी गेले. तिथे थांबले. किंचित मोठे झाले. मग खाली आले, आणि धनेशचा हात उजवीकडे गेला, तिकडचा शिपाई उचलला आणि खाजणाच्या चिखलात नेऊन ठेवला.

"थांबा."

"काय झालं, आई?"

"डोळे बांधावर गेले. हात चिखलात कशाला गेला?"

"नाय, मी विचार केला की उजवीकडून—"

"विचार बांधावर केलात. चिखलात मला मान दिलात. उचला तो माणूस."

साईराजने खाकरून वही उघडली. "आई, नियमाप्रमाणे एकदा फिगर ठेवली की मूव्ह झाली."

"त्या वहीत सासूचा मान राखायचा नियम हाय काय?"

साईराजने खरंच दोन पानं उलटली. "नाही."

"मग हा खेळ झालाच नाय अजून. उचला."

"आई, पुरे ना!" पूजा रडकुंडीला आली. "घरी बोलू. तो तुझ्या भल्यासाठीच—"

"माझ्या भल्यासाठी मला एकदा शाल देऊन बसवलीय गो, पूजा. मी आखलेले डोळे माझ्यामागे पुसायचे आणि सकाळी मला मावशी म्हणायचे. हसून फोटो काढून घेतले मी, येड्यासारखे. गुडघे नव्हते दुखत. दुसऱ्यांदा नाय बसणार मी त्या खुर्चीत. हरवायचं तर हरवा. जमत नाय म्हणायचं तर तोंडावर म्हणा. पण माझ्याशी खेळा."

पूजाला हे पहिल्यांदाच कळत होतं. धोंडुबाईच्या तोंडाचा आ झाला होता तो तसाच राहिला.

धनेशने चिखलातला शिपाई उचलून जागेवर ठेवला. मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं. बाह्या वर केल्या. मग डाव्या टोकाने बांधावर चढला आणि मालूबायची दोन माणसं एका डावात कापली.

मालूबायने आपली दोन पडलेली माणसं टेबलावरून उचलली आणि हसली. "आत्ता कसं," म्हणाली. "आता या."

त्यानंतर जे झालं ते आठवून साईराज अजून नुसती मान हलवतो. चौथ्या डावात धनेशने बांध अर्धा घेतला. मालूबायच्या वाकड्या नाकाच्या मारुतीला समोर धनेशचा सरदार दिसला, आणि तिला मोह आवरला नाही. मारुती पुढे सरकायचा सोडून जागीच थांबला आणि गोफण फिरवली. फासा सहा. सरदार आडवा. पूजा रडायची थांबून ओरडली, "आई!" आणि नवऱ्याने बघितल्यावर ओशाळली. पाचव्या डावात धनेशने मालूबायची फावडेवाली रांग मोडली. तिने उरलेल्यांना चिखलातून फिरवून त्याच्या मागे काढलं आणि तिघं पाडले. कुणी पाणी मागितलं नाही, कुणी फोन उचलला नाही. धोंडुबाई आधी खुर्चीवर होती, मग खुर्चीच्या कडेवर, मग टेबलाला पोट लावून उभी.

सहावा डाव. टेबलावर तिघंच शिल्लक. मालूबायची एक बाई उघाडीला खेटून उभी, काष्टा मारलेली, एक हात कमरेवर. तिचा मारुती लांब, चौथ्या डावात थांबला होता तिथून थोडासाच पुढे. आणि धनेशचा एकटा तिरंदाज बांधावर. पाळी धनेशची, शेवटची. बाण लागायला पाच किंवा सहा पडायला हवेत. चुकला तर मालूबाय जिंकली.

तेवढ्यात धोंडुबाई खाली वाकली. उघाडीवरच्या बाईला जवळून निरखलं. कमरेवरचा हात बघितला. मशेरीचा फुगलेला गाल बघितला.

"ही कोन गो?"

"बाई हाय एक," मालूबाय म्हणाली.

"गाल कुनाचाय? ही मी हाय!"

मालूबायने नाही म्हटलं नाही. "उघाडीवर कुणाला हलवता येणार नाय अशी बाई पायजे होती. दुसरी कोण आठवणार?"

धोंडुबाईला राग यावा की अभिमान वाटावा हे काही क्षण ठरेना. मग ठरलं. ती ताठ झाली आणि लेकाकडे वळली. "धन्या, खबरदार! आयवर बाण टाकशील तर!"

धनेश बिचारा. इकडे सख्खी आई, हात कमरेवर. तिकडे सासू, हात टेबलावर. त्याने सासूकडे बघितलं. सासूचे डोळे त्याच्यावर रोखलेले होते, सरळ, पापणीसुद्धा न हलवता. आता त्याने फासा नुसता मुठीतून सोडला असता, हलका टाकला असता, तरी तिला कळलं असतं.

त्याने मूठ चांगली खुळखुळवली आणि फासा फेकला. फासा उघाडीवर आदळला, बांधावरून घरंगळला, टेबलाच्या कडेशी जाऊन थांबला.

पाच.

"मेल्या!" धोंडुबाई ओरडली. "आयला पाडलीस?"

पण अजून संपलं नव्हतं. उघाडीशी कुणीच उरलं नव्हतं. आता जवळ कोण, मारुती की तिरंदाज? साईराजने टेप काढला. एकदा मोजलं. परत मोजलं. बाकीची चारही डोकी एकमेकांवर आपटली. शेवटी त्याने चष्मा काढला आणि म्हणाला, "धनेश. पण नखाएवढा फरक आहे, आई. नखाएवढा. मी म्हणतो, आपण बरोबरी धरू."

मालूबायने त्याच्याकडे असं बघितलं की त्याचा हात आपोआप टेपवरून निघाला.

"नखाने हरले ना?"

"हो, पण—"

"मग नखाने हरले म्हण. माझी हार हाय ती. तू कोण ती कापून घेणारा?"

निघताना धनेश जिन्यापर्यंत आला. बाह्या अजून वरच होत्या. मांजरीने दूध सांडल्यासारखं तोंड करून म्हणाला, "आई, एक सांगू? पहिल्या खेपेला मी मुद्दाम हरलो होतो. दुसऱ्या खेपेला अर्धामुर्धा. पण तिसरी लढाई तुम्ही खरंच—"

"नको."

"खरं सांगतोय."

"सांगत असाल. पण आता मला ते कळायचा मार्ग नाय उरला. गोड लागेल म्हणून सांगताय की झालं तेच सांगताय, ते तुमच्या डोळ्यांतसुद्धा नीट दिसत नाय. कारण तुम्हालाच आता माहीत नाय. तिन्ही पुसल्या मी. आजची एक ठेवली. ही माझी."

"गाडीने सोडतो."

"हरलेल्या माणसाला गाडीने सोडतात काय? एस्टी हाय."

पेणच्या एस्टीत खिडकीशी बसून मालूबाय लढाई पहिल्यापासून लढली. फाशाला तिने दोष दिला नाही. पाच पडला तो पडला. चूक चौथ्या डावातली. मारुतीने सरदाराला मारायचं सोडून बोटभर चालायला हवं होतं, नखाचा हिशेब तिथेच मिटला असता. सरदार काय, सरदार पडला की बघणारे ओरडतात, म्हणून पाडला. हाव नडली, मालू, हाव. ती स्वतःशीच हसली. कंडक्टरने दोनदा वळून बघितलं. कारखान्यातून चालत आली होती तेव्हा ती अशीच स्वतःशी बोलत होती, पण तेव्हा ती चूक शोधत होती आणि ती कुठे झाली ते कुणी सांगितलंच नव्हतं. आज चूक हातात होती. कुठे झाली, कशाने झाली, पुढच्या वेळी काय करायचं. हरून माणूस इतका श्रीमंत होतो हे तिला माहीत नव्हतं.

गावात उतरली तर पुतळी दारातच. पुतळी म्हणजे शेजारीण, आणि गावाचं बातमीचं खातं तिच्याकडे.

"काय गो मालू, काय झालं रोह्याला?"

"हरले!" मालूबायने रस्त्यात उभं राहून सांगितलं, विजयाची बातमी द्यावी तसं.

पुतळीचा चेहरा एकदम मऊ झाला. तिने मालूबायच्या हातावर हात ठेवला. "बरं केलंस, बाय. धोंड्याचा महिना. जावयाला जिंकू दिलंस. मनाची मोठी तू."

मालूबाय थिजली. मग तिला सगळं दिसलं. उद्या नळावर, परवा बाजारात, पुढच्या हळदीत: मालूने मन मोठं केलं, जावयाचा मान राखला, मुद्दाम हरली. तिची एवढी कष्टाची, घाम गाळून मिळवलेली हार हे गाव गोड बोलून पुसून टाकणार होतं.

"जिंकू दिलं?" तिचा आवाज खालच्या आळीपर्यंत गेला. "मी जिंकू दिलं? अगो, जीव तोडून लढले मी! चिखलातून माणसं काढली! नखाने हरले, नखाने! देवाची शप्पत!"

"व्हय, व्हय," पुतळी समजूतदारपणे म्हणाली. "आपण तसंच सांगू लोकांना."

दारं उघडली. पाचसहा बाया जमल्या. जनू ओटीवर आला, कुणी मेलं नाही ना बघून परत आत गेला. एक म्हणाली, सासू असावी तर अशी. दुसरी म्हणाली, आमचीला शिकव गो थोडं. मालूबायने डोक्याला हात लावला. मग पेटी ओट्यावर आपटली, झाकण उघडलं, आणि काष्ट्याची बाई, मारुती, फावडेवाले, सगळे फरशीवर मांडायला लागली. उघाडीच्या जागी तांब्या. बांधाच्या जागी जनूचा पंचा.

"हे काय गो?"

"लढाई. पहिल्या डावापासून दाखवते. मी किती लढले आणि कुठे चुकले, ते बघा आणि मग तोंडं उघडा."

उजेड सरेपर्यंत तिने दाखवलं. सरदाराच्या जागी तिने बत्तासा ठेवला होता, तो पडला तेव्हा बाया ओरडल्याच. चौथ्या डावाशी आल्यावर पुतळी कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "मग हा वाकड्या नाकाचा थांबला कशाला? चालवायचा होतास ना पुढे. एवढंसुद्धा कळू नये? येडी का काय तू?"

मालूबायने मान वर केली. कितीतरी दिवसांत तिच्याशी कुणी इतकं चांगलं बोललं नव्हतं.

"व्हय," ती म्हणाली. "चुकले. सरक इकडे. त्या बाजूने तू बस, आणि मला हरवून दाखव."